सान मारिनोची संध्याकाळ: मुक्काम करणाऱ्यांसाठीच

कोरेगाव पार्कसारखी रात्र हवी असेल, तर पुण्याहून सान मारिनो या इटलीने वेढलेल्या चिमुकल्या देशात जाऊ नका. तितानो डोंगरावरच्या जुन्या शहरात सहलीच्या बस परतल्या की दुकानं मिटू लागतात. खरी मजा त्यानंतरच. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. ग्वाइता बुरुजाबाहेरच्या वाटेवरून खाली इटलीच्या किनाऱ्यावरच्या रिमिनी शहराचे दिवे आणि एद्रियाटिक समुद्र दिसतो. हे दृश्य फुकट आहे आणि अप्रतिम आहे.

जेवण मात्र लवकर उरका, उशिरा स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारींनी पियादिना मागवताना आधी विचारावं: या पोळीत परंपरेने डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलातली मागा, आत चीज आणि भाजी. सोबत स्थानिक मोस्कातो वाइन जरूर घ्या.

देशात रेल्वे नाही. रिमिनीची शेवटची बस संध्याकाळीच सुटते, ती चुकली की टॅक्सीचा भुर्दंड. डोंगराखालच्या बोर्गो माज्जोरे गावात उतरणाऱ्या रोपवेची वेळही ऋतूनुसार बदलते, चढतानाच फलक वाचा. उतार दगडी आणि तीव्र, चपला नकोत. नाचगाण्यासाठी इटलीच्या किनाऱ्यावरचं रिच्चोने गाठा, पण मग मुक्काम खालीच करा. ३ सप्टेंबरला, राष्ट्रीय दिनी, आडव्या धनुष्यांची (क्रॉसबो) स्पर्धा असते. त्या तारखेची खोली फार आधी धरा.