पोर्शे टायकन ४एस: जुनी आणि नवी, दोन्ही बेळगावच्या रस्त्यांवर चालवून

टायकन ही पोर्शेची इलेक्ट्रिक गाडी, तिचं नवं मॉडेल म्हटलं की सगळे आधी शून्य ते शंभर किती सेकंदात तेवढंच विचारतात. जुनी ४एस ४ सेकंदात जायची, नवी ३.७ मध्ये जाते. खरं आपल्या भागात गाडी वापरायची असेल तर या आकड्यानं काही फरक पडत नाही हो, जुनीसुद्धा पोटात गोळा येईल एवढी पळतीच की. मोठा फरक आहे तो एका चार्जवर किती लांब जाते त्यात, आणि बजेट असेल तर तेवढ्यासाठी मी सरळ नवीच घ्या म्हणून सांगतो.

आमच्या मामांची उद्यमबागला, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, फाउंड्री आहे. त्यांच्याकडं आधी जुनी ४एस होती, मोठ्या बॅटरीवाली, ती देऊन नवी ४एस घेतली, तीपण मोठ्या बॅटरीचीच, आणि लांबचं जायचं असलं की स्टेअरिंगवर बहुतेक मीच, त्यामुळं दोन्ही गाड्या त्याच त्याच रस्त्यांवर चालवायला मिळाल्या.

आधी बॅटरीचं बघू. जुनीत वापरायला मिळायची ८३.७ किलोवॅट-अवर, नवीत ९७, म्हणजे साधारण १६ टक्के जास्त. खरं रेंज बघा, ४६० किलोमीटरच्या आसपास होती ती ६४२ पर्यंत गेलीय. हे युरोपच्या डब्ल्यूएलटीपी टेस्टचे आकडे आहेत, आपल्या हायवेला एसी लावून पळवली की त्यातलं बरंच कापून धरायचं, तरी वाढ एक तृतीयांशापेक्षा जास्तच की. ती नुसत्या बॅटरीनं आलेली नाही. मागची मोटर नवी आहे, बॅटरीची वीज मोटरला देणारा इन्व्हर्टर सुधारलाय, कमी विजेत गाडी गरम ठेवणारा हीट पंप आता सगळ्या टायकनना येतो, चाकं हवेला कमी अडवतात, टायर कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे हलके फिरणारे आहेत. आणि एवढं करून मोठ्या बॅटरीचं वजन ६३४ वरून ६२५ किलोवर आणलंय. क्षमता वाढवून वजन उतरवायचं म्हणजे काय काम असतं ते उद्यमबागेतल्या माणसाला सांगायला नको, मामांना सगळ्यात जास्त कौतुक याचंच.

पुणे इथनं ३४० किलोमीटरच्या आसपास. जुनी घेऊन गेलो की कोल्हापूर नाहीतर कराडला चार्जिंगला थांबल्याशिवाय जीवाला चैन नसायची, वर कागल ते सातारा सहापदरीच्या कामाचे डायव्हर्जन, आणि एकदा तर हायवेवरचा चार्जर बंदच निघाला, मामी मागं बसून कंटाळल्या. नवी घरातनं फुल करून निघालं की सरळ पुणं, पोचल्यावर पण बॅटरी शिल्लक असते आणि चहाला कुठं थांबायचं ते आपण ठरवतो, गाडी नाही.

चार्जिंग स्पीडची जाहिरात मोठी आहे, २७० किलोवॅटवरून ३२०, आणि १० ते ८० टक्के १८ मिनिटांत. जर्मनीत असेल कामाचं, इथं आपल्या पट्ट्यात हायवेला बरेच चार्जर ५०-६० किलोवॅटचे असतात, त्याला लावलं की जुनी काय नवी काय, तासभर तरी बसायचंच. म्हणून तर म्हणतो, आपल्याला बॅटरी बघायची, ३२० बघून भुलायचं नाही.

आता चालवायला. ऊसाच्या सीझनला खानापूर रोडला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्या ओलांडायला थोडीशीच मोकळी जागा मिळते, तिथं नव्या गाडीचं पुश-टू-पासचं बटण लई भारी. स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतलेलं असलं की मिळतं, दाबलं की १० सेकंद ७० किलोवॅट जादा. जुनीला हे नव्हतं, आणि मला विचाराल तर पैसे घालायचे तर यात घाला, रंगाबिंगात नको.

गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाला गेलतो तेव्हा जांबोटी-कणकुंबीचा रस्ता होता तसाच, खड्ड्यात खड्डा. एअर सस्पेन्शन दोन्हीत आहे आणि गाडी उचलून घेता येते, तरी नवीत मागच्या सीटवर धक्के कमी बसतात, हे मामींनी न विचारता सांगितलं. घाट उतरताना दोन्ही गाड्या ब्रेकचं काम मोटरवरच करतात आणि वीज परत बॅटरीत जाते, नवीची कमाल मर्यादा २९० वरून ४०० किलोवॅट झालीय. घाटात हळू उतरताना एवढं लागतच नाही, जोरात वेग कमी करायचा झाला तर कळतं.

आतनं फारसा बदल नाही. समोरचा वळणदार स्क्रीन तोच, मागं उंच माणसाच्या डोक्याला जागा कमी तीपण तशीच. बाहेरनं हेडलाइट बदललेत, मला तोंडावरनं जुनीच जास्त आवडायची.

किंमत. २०२४ च्या जुलैत नवी ४एस आली ती १ कोटी ८९ लाख एक्स-शोरूम. त्यात कर्नाटकात ईव्हीला २०१६ पासून रोड टॅक्स माफ होता, तो २०२४ पासून २५ लाखांवरच्या गाड्यांना १० टक्के लागलाय, म्हणजे जवळजवळ १९ लाख वेगळे. मामांच्या जुन्या गाडीला हा खर्च नव्हता. त्यामुळं कुणाला सेकंडहँड जुनी चांगली मिळत असेल आणि फिरणं कोल्हापूर, हुबळी, गोवा एवढंच असेल तर जरूर घ्या, तेवढ्याला ती कमी पडत नाही. पुण्या-बेंगळुरूला सारखं जाणं असेल तर नवी.

घरी मात्र थ्री-फेज लोड वाढवून घ्या गाडी यायच्या आधीच. चार्जर दोन्हीला ११ किलोवॅटचाच धरून चाला, मग जुनी रिकामी असली तर आठ-नऊ तासात फुल, नवी नऊ-दहा तास घेते, सकाळी लवकर निघायचं असलं की रात्री जेवायच्या आधीच लावून ठेवायची.