बावीस महिने वापरलेला टॉवर: मशीन बरी, पाठीशी कोणी नाही

आमचा धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. धाकटा भाऊ शूट करतो, एडिटिंग माझ्याकडे, आणि सीझनमध्ये हाताशी एक पोट्टा असतो. स्टुडिओ म्हणजे नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घराची पहिल्या मजल्यावरची पश्चिमेची खोली. पश्चिमेची, हे लक्षात असू द्या; पुढे मे महिना यायचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीचा तयार टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा डेस्कटॉप कॉम्प्युटर, घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण उकरायचं नाही, आणि दुरुस्तीवाले सांगतात की बाकीच्या मोठ्यांचे डबे उघडले तरी आत फार वेगळं निघत नाही. इंटेलची कोअर आय७-१३७०० ही प्रोसेसर चिप, ३२ जीबी डीडीआर५ मेमरी, एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क, आणि घरी येऊन दुरुस्त करून द्यायची तीन वर्षांची वॉरंटी. जीएसटी धरून १,६२,००० रुपये. तेव्हापासून रोज आठ-दहा तास, आणि तुळशीचं लग्न झालं की रात्रीसुद्धा.

इंटेलच का, असं बरेच जण विचारतात. आमचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ च्या एचईव्हीसी फाइली देतात, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारा, पण घट्ट दाबून साठवलेला व्हिडिओ. त्या उलगडायचं काम एनव्हिडियाची कार्डं २०२५ च्या ५०-मालिकेआधी करतच नव्हती. ३०६० असो की ४०९०, ४:२:२ आलं की हात वर. इंटेलच्या चिपमधल्या ग्राफिक्सचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग, मात्र ते सहज करतं. ज्या ग्राफिक्सला लोक 'ऑनबोर्डवालं' म्हणून नाक मुरडतात, त्याच्यावर आमची एडिटिंगची टाइमलाइन चालते.

आणि मशीन घरी आली तेव्हा नेमकं तेच बंद होतं. वेगळं कार्ड लावलेलं असलं की आतलं ग्राफिक्स झोपवून ठेवायचं, असं कंपनीनं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरवून दिलेलं. पहिले चार दिवस टाइमलाइन अडखळत होती आणि मी सॉफ्टवेअरला शिव्या देत होते. कस्टमर केअरला फोन केला तर विंडोज पुन्हा टाकायला सांगितलं. शेवटी बायोसच्या तिसऱ्या पानावर तो पर्याय सापडला. डब्याच्या खोक्यावर 'क्रिएटर' असं मोठ्या अक्षरात छापलंय, हे आपलं सहज सांगते.

चांगलं काय तेही सांगायला हवं. हिवाळ्यात मशीन इतकी शांत की चालू आहे का म्हणून वाकून दिवा पाहावा लागतो. बाजूचं झाकण स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडतं. समोर चार यूएसबी आणि कार्ड रीडर आहे, रात्री दोन वाजता लग्नावरून आलेलं कार्ड सरळ खुपसता येतं. बावीस महिन्यांत निळा स्क्रीन दोनदाच पाहिला. त्यामुळे पुढची तक्रार ही खराब माल गळ्यात मारल्याची नाही.

घ्यायच्या आधी भावाचा एक मित्र मागे लागला होता, ताई, मॅक घ्या. पैसे हे एक कारण झालं, पण ॲपलनं टॉवरवाल्यांशी काय केलं ते या धंद्यात सगळ्यांनी पाहिलंय. २०११ मध्ये त्यांचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा त्यात जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते, सुरुवातीला मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र कापायची सोय) सुद्धा नव्हतं. २०१३ च्या डिसेंबरात काळ्या नळकांड्यासारखा मॅक प्रो आला: आत दोन ग्राफिक्स चिपा, एकच पंखा, वाढवायला जागा नाही. मग तीन वर्षं सामसूम. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनं मोजक्या पत्रकारांना बोलावलं आणि त्या रचनेत उष्णतेपायी आपणच अडकून बसलो, असं कबूल केलं. नवा टॉवर मिळायला डिसेंबर २०१९ उजाडला. किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे, खाली चाकं हवी असतील तर त्याचे ४०० डॉलर वेगळे. २०२२ मध्ये २७ इंची आयमॅक बंद केला. २०२३ च्या मॅक प्रोत स्लॉट आहेत, पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही, आणि मेमरी १९२ जीबीला थांबते. आधीच्या टॉवरमध्ये ती दीड टीबीपर्यंत जायची. मी माझा टॉवर घेतल्यावरही तेच: मार्च २०२५ मध्ये एम३ अल्ट्रा चिप आली ती छोट्या मॅक स्टुडिओत, मोठा मॅक प्रो एम२ अल्ट्रावरच राहिला.

ज्यांचा हात मॅकवर बसलाय ते वर्षानुवर्षं थांबले, कारण सगळं काम तिथेच अडकलेलं. मला वाटलं, विंडोजचा टॉवर म्हणजे आपण मोकळे. उद्या कंपनीनं पाठ फिरवली तरी बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा कॉम्प्युटरचा बाजार, आहेच. आगीतून फुफाट्यात पडले, पण फुफाट्याचा चटका बसायला सव्वा वर्ष गेलं.

आता मे महिना. आय७-१३७०० ही कागदावर ६५ वॉटची चिप. पूर्ण जोर लावला की ती २१९ वॉटपर्यंत खेचते, जाहिरातीतले ५.२ गिगाहर्ट्झ त्याच जोरावरचे. कंपनीनं तिच्यावर बसवलेला पंखा मात्र ६५ वॉटच्या मापाचा. जानेवारीत आमची चाळीस मिनिटांची फिल्म, नॉइज रिडक्शन लावून, ३१ मिनिटांत एक्स्पोर्ट व्हायची. मे मध्ये बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर लावूनही ३४, आणि तेवढ्याच फिल्मला ४६ मिनिटं. चिप शंभर अंशांना टेकली की आपणहून वेग उतरवते. ती तशीच बनवलेली आहे, तिला बोल नाही. मोठा पंखा बसवावा म्हटलं तर मदरबोर्डाची भोकं वेगळ्या मापाची, पिन वेगळी, आणि त्यांचा पंखा काढला की सुरू होतानाच 'पंखा सापडत नाही' म्हणून मशीन अडून बसते. दर वेळी एफ१ दाबा.

नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला पत्र्याचा, गवताच्या ताट्यांचा. हवा गार, पण ओली, आणि सोबत धूळ. जूनमध्ये झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर भिजून वाळलेल्या कणकेसारखा थर. दीड लाखाच्या डब्याला समोरून धूळ अडवायची साधी गाळणी नाही. मी जुन्या ओढणीचा तुकडा ताणून चिकटवलाय, दर रविवारी धुते. दिसतं वाईट, पण काम करतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण मे २०२५ च्या मधल्या आठवड्यात एका दुपारी लाईट तीन-चारदा गेली-आली, आणि संध्याकाळी टॉवर उठलाच नाही. यूपीएस होता, तरीही. ओळखीच्या दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं, टेस्टर लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं.

"ताई, पॉवर सप्लाय गेला हाय. पण हा सप्लाय आपल्या इकडे भेटत नाही."

"काऊन? टॉवरच तर आहे."

"टॉवर हाय, पण यायनं पिन आपलीच बनवून ठेवली. बोर्डही यायचाच. बाजारातला सप्लाय आणला तर न डब्यात बसन, न बोर्डात."

डबा, बोर्ड आणि सप्लाय यांचं एटीएक्स हे ठरलेलं माप इंटेलनं १९९५ मध्ये आणलं. तेव्हापासून दुकानातला कुठलाही सप्लाय कुठल्याही डब्यात बसावा, ही या बाजाराची साधी रीत. त्यासाठीच तर माणूस पायाशी एवढा मोठा डबा ठेवतो, नाहीतर लॅपटॉप काय वाईट होता? कंपनीनं डबा मोठा ठेवला आणि त्याचा उपयोग काढून घेतला.

वॉरंटीत 'दुसऱ्या कामाच्या दिवशी' असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी फोन नक्की आला: मॅडम, पार्ट बॅकऑर्डरमध्ये आहे. मग रोज तोच फोन. मॉडेल बंद झालंय, डेस्कटॉपचे पार्ट नागपुरात ठेवतच नाहीत, ही माहिती फोनवर कुणी दिली नाही. ती शेवटी पार्ट घेऊन आलेल्या पोरानं दिली, सतराव्या दिवशी. पोरगा बिचारा चांगला होता, पाणी पिता पिता सगळं बोलून गेला. शेजारच्या काकांच्या त्याच कंपनीच्या लॅपटॉपला कीबोर्ड दोन दिवसांत आला होता.

त्या सतरा दिवसांत तीन लग्नांचं काम अडलं. फुटेज बाहेरच्या डिस्कवर होतं म्हणून वाचले. भावाच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून थोडंफार कापलं, पण रंगाचं काम त्या स्क्रीनवर कसं करणार? मानेवाड्याच्या एका मुलीचे बाबा दिवसाआड फोन करायचे. ओरडले कधीच नाहीत, तेच जास्त लागायचं. "बेटा, पूर्ण नको. ते सात मिनिटांचं तरी दे ना. पोरगी सोमवारी पुण्याले चालली, तिकडच्या लोकायले दाखवायचं म्हणते." पोरगी गेली, आणि ते सात मिनिटांचं तिच्यामागून आठ दिवसांनी गेलं. त्यांच्या बिलात मी दोन हजार कमी केले. कंपनीच्या वॉरंटीत याचा रकाना नसतो.

दुसरा प्रकार बायोसचा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या इंटेल चिपांचं प्रकरण आठवत असेल: चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागते आणि हळूहळू खराब होते, असं इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये एक मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला, सप्टेंबरमध्ये त्याच्या पुढचा, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. चिप एकदा बिघडली की मायक्रोकोडनं ती पूर्ववत होत नाही, म्हणून तो वेळेत मिळणं महत्त्वाचं. माझ्या चिपला काही झालेलं नाही. पण मायक्रोकोड बायोसमधून येतो, आणि बायोस द्यायचा मशीनच्या कंपनीनं. बर्डीतून जोडून घेतलेल्या मशीनवाल्यांना बोर्डाच्या कंपन्यांनी तो काही आठवड्यांत दिला. माझ्या मॉडेलच्या पानावर तो दिसायला नवीन वर्ष उजाडलं. टाकला, तर आतलं ग्राफिक्स पुन्हा बंद. तिसरं पान, तोच पर्याय, या वेळी निदान रस्ता माहीत होता.

त्याच काळात कंपनीकडून मला मेल कशाचे येत होते? एआय लॅपटॉपचे. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी जाहीर केले, त्यांना ४० टॉप्सचा (सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा) एनपीयू, म्हणजे एआयसाठीचा चिपमधला वेगळा भाग, लागतो, आणि पहिली खेप सगळी लॅपटॉपचीच होती. विकावं, माझी हरकत नाही. लोक लॅपटॉप जास्त घेतात हे मलाही कळतं, नागपुरातल्या कुठल्याही शोरूममध्ये गेलं तरी डेस्कटॉप एका कोपऱ्यात, तोही बिलिंग काउंटरवालाच. पण आम्ही थोडे आहोत म्हणून आमच्याकडून पैसे कमी घेतलेले नाहीत. आणि आमच्यासारखा गिऱ्हाईक एक मशीन सहा-सात वर्षं घासतो, म्हणजे विकल्यानंतरच त्याचं काम सुरू होतं. कंपनीचं तिथेच संपतं.

तुलनेसाठी: भावानं सप्टेंबरमध्ये दुसरी एडिट मशीन बर्डीतून जोडून घेतली. सगळं साध्या मापाचं, समोर तीन पंखे, जाळ्या धुता येणाऱ्या. दिसायला डबा भपकेबाज, रंगीत दिवे लागतात, ते मी पहिल्या दिवशी बंद करून टाकले. ऑक्टोबरमध्ये तिचा एक मेमरी स्टिक गेला. दुकानदारानं संध्याकाळपर्यंत स्वतःचा तात्पुरता लावून दिला. तिथेही सगळं गोड नाही. प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळ्या कंपनीची, घरी कुणी येत नाही, डबा स्कूटीवर पुढे धरून न्यावा लागतो. आणि दुकान उद्या बंद पडलं तर? पण सप्लाय गेला तर तो पंधरा मिनिटांवर मिळतो, एवढं मला पुरतं.

माझ्या टॉवरची मेमरी ६४ जीबी करायची होती, तेही राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. मेमरी सगळी एआयच्या डेटा सेंटरांकडे वळतेय. बर्डीत मला जो भाव सांगितला तो वर्षाच्या सुरुवातीच्या तिपटीच्या घरात होता. इथेही रांगेत आम्ही मागेच.

सध्या मशीन चालू आहे. आलेला सप्लाय व्यवस्थित आहे, पण पुढचा जाईल तेव्हासाठी दुरुस्तीवाल्या दादांनी पिन बदलणारी एक केबल मागवून ठेवलीय. तिच्यानं बाजारातला सप्लाय लागतो, फक्त तो डब्यात बसत नाही, बाहेर टेबलावर ठेवावा लागतो. वॉरंटी फेब्रुवारी २०२७ ला संपते, तोवर ती केबल कपाटात.

मागच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला, वॉरंटी आणखी दोन वर्षांसाठी वाढवा म्हणून. मी विचारलं, या मॉडेलचा पॉवर सप्लाय आज तुमच्याकडे स्टॉकमध्ये आहे का? ती मुलगी थोडं थांबली आणि म्हणाली, "मॅडम, वो तो सर्विसवाले बताएंगे." मी सर्व्हिसचा नंबर मागितला. तिनं जो दिला तो माझ्याकडे होताच, मे महिन्यात सतरा दिवस लावलेला.