नऊ महिने घरच्या क्लीनरवर: वहीतला हिशेब आणि तांबड्या रश्श्याचं पातेलं

आमच्याकडे वाणसामानाची वही आहे, सासूबाईंच्या काळापासूनची. गेल्या सप्टेंबरात सहज बेरीज केली, तर त्या एका महिन्यात नुसत्या घासण्या-पुसण्यावर ११४० रुपये गेलेले. भांड्यांचं लिक्विड, फरशीचं वेगळं, काचेचं वेगळं, नळाचे डाग घालवायचं वेगळं, कपड्यांची पावडर आणि वर तिचा सुगंध वाढवणारं आणखी एक. माणसं पाच. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर, खाली शहाबादी फरशी, पाणी अर्धं नळाचं, अर्धं बोअरचं. म्हटलं, घरीच करून बघू. दसऱ्याला सुरू केलं, आता आषाढ लागला.

पहिला उत्साह अर्थातच बायोएन्झाइमचा, म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या क्लीनरचा. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि नव्वद दिवस थांबायचं. गुळाच्या गावात राहून गूळ विकत आणायची लाज वाटते, पण आणला. पिवळाधमक नको, काळपट घ्या, स्वस्त पडतो आणि आंबतोही छान. साली कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून फुकट. मोसंबीच्या पिशवीभर साली मागितल्यावर त्यानं आधी विचारलं, "वैनी, म्हैस पाळलीसा काय?"

साली आंबताना गॅस सुटतो, म्हणून पहिला महिनाभर रोज झाकण सैल करावं लागतं. हे मला माहीत होतं. तरी भाऊबीजेला तीन दिवस गडहिंग्लजला माहेरी गेले आणि कुणाला सांगायचं विसरले. परत आले तर माळ्यावरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा बूड फुगून गोल झालेला, झाकण उडून पाण्याच्या टाकीमागे, आणि गुळाचं पाणी भिंतीवरून ओघळत थेट देव्हाऱ्यापर्यंत. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, रात्री कुकर फुटल्यागत आवाज झाला, पण गॅस तर बंद होता. मुंग्या पौर्णिमेपर्यंत होत्या. बरणी काचेची असती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

तयार झालेलं पाणी चांगलं असतं, वास आंबट-गोड, बादलीला एक-दोन झाकणं पुरतात. बाथरूमच्या टाईल्सवर छान चालतं. पण आंबट आहे, आणि इथंच मी दुसरी चूक केली. ओट्यावर आमच्याकडे काळा कडप्पा आहे. हळदीचा डाग निघेल म्हणून न मिसळता ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी डाग तसाच, भोवती पांढुरका नकाशा. कडप्पा काय, शहाबादी काय, संगमरवर काय, सगळे चुन्याचे दगड, आम्लानं खाल्ले जातात. लिंबू, व्हिनेगर, चिंच, सगळ्यांना तोच नियम. तेलाचा हात फिरवला की आठवडाभर झाकतं, मग पुन्हा वर येतं. तेव्हापासून खालची फरशी नुसत्या पाण्यानं पुसते, चिकट असेल तर चिमूटभर सोडा. कुणाला फरक कळला नाही. म्हणजे फरशीच्या लिक्विडचे महिन्याचे दीडशे रुपये आम्ही इतकी वर्षं वासाला देत होतो.

खरा पैसा वाचवला तो धुण्याच्या सोड्यानं. खायचा नव्हे, धुण्याचा, लक्ष्मीपुरीत किलोवर सुटा मिळतो. बोअरच्या जड पाण्यात पावडरीचा अर्धा जोर पाण्याशी भांडण्यातच जातो. मशीनमध्ये दोन चमचे सोडा टाकला की पावडर निम्मी पुरते. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र लावू नका. त्यांना रिठे. इरकली साड्या मी आता रिठ्याच्या पाण्यातच काढते, मऊ राहतात. पण रोजच्या पांढऱ्या कपड्यांना रिठे वापरून बघितले, आणि ह्यांचे बनियन महिन्याभरात चहात बुडवल्यासारखे झाले. उकळलेलं पाणी तीन-चार दिवसांत आंबतं, तेव्हा थोडंच करा. आणि डोळ्यात जाऊ देऊ नका, झोंबतं म्हणजे झोंबतं.

आता भांडी. रविवारचं तांबड्या रश्श्याचं पातेलं ही आमच्याकडची परीक्षा. वरचा कट, खाली करपलेलं खोबरं, कडेला लाल तेलाची रेघ. रिठे इथं सपशेल नापास. तेल फक्त जागा बदलतं, पातेल्यावरून हाताला, हातावरून नळाला. गरम पाणी आणि एक चमचा धुण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवलं, की बोटानं सरकतं. फक्त स्टीलच्या पातेल्यात. ॲल्युमिनियमचा मोठा डबा एकदा असाच भिजवला तर काळाठिक्कर पडला.

आई म्हणाल्या, एवढं कशाला, राख आणा. मामांच्या गावच्या गुऱ्हाळातून चिपाडाची राख पोतंभर आणली. काळी पडलेली कढई आरशासारखी झाली हे खरं, पण ह्या राखेत वाळूसारखी कणी असते, स्टीलच्या ताटांवर ओरखडे उठले. आई ज्या राखेची आठवण काढत होत्या ती लाकडाची, बंबातली. बंब आता गच्चीवर शोभेला आहे. तो आणि देवाची भांडी अजून चिंच-मिठानंच निघतात, त्यात नवीन काही नाही. लगेच कोरडं पुसायचं, एवढंच.

नळावरचे पांढरे थर मात्र लिंबूसताला दिले. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, फडकं भिजवून नळाला गुंडाळायचं, अर्धा तास. बादल्या आणि गिझरच्या शॉवरलाही तेच. पन्नास रुपयांचं पाकीट तीन महिने पुरलं. ह्याला माझे पैकीच्या पैकी.

व्हिडिओंत सगळे व्हिनेगरवर खायचा सोडा टाकतात, फस्सकन फेस येतो आणि सगळे खूश. मीही केलं. पण ते दोघं एकमेकांना मारतात, फेस बसल्यावर उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. आणि ज्यांच्या घरात पुराच्या वेळची ब्लीचिंग पावडर अजून पडून आहे त्यांनी ऐका: तिच्यात लिंबूसत, व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो. संडाससाठी मी अजूनही बाजारातलंच आणते. घरात आजारी माणूस असलं की जंतुनाशकही. साली आंबवून ते काम होतं असं मला वाटत नाही.

राहिल्या मावशी. त्यांनी रिठ्याला पहिल्याच दिवशी नकार दिला. "वैनी, फेस न्हाई तर भांडं घासल्यागत वाटत न्हाई." मी सोड्याचं, जड पाण्याचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी हात पुढं केले. सोड्यानं बोटांची टोकं फुटली होती. मी दिवसातून एक पातेलं घासते, त्या पाच घरची भांडी. त्या दिवसापासून सोडा फक्त भिजवायला, घासायला लिक्विड. फक्त आता ते एकास तीन पाणी घालून जुन्या बाटलीत भरते, आणि फेस तेवढाच येतो.

जूनची बेरीज ५९५. त्यात मावशींच्या लिक्विडचे ११० आणि रबरी हातमोज्यांचे ८० धरलेत. कडप्प्याला पॉलिश करायला माणूस दीड हजार मागतोय, ते अजून वहीत लिहिलेलं नाही.