जुनी बॉक्स्टर, एमओटी आणि खर्चाचा हिशोब: वापरानंतरचा अनुभव

गाडी पोर्शे बॉक्स्टर, 2010 ची, 2.9 लिटर, मॅन्युअल. मी इंग्लंडात मिडलँड्समध्ये राहतो आणि ऑफिसला हीच गाडी नेतो. पावसात, थंडीत, मीठ मारलेल्या रस्त्यांवरही. तेरा हजार पौंडांच्या आत मिळाली. तेवढ्या पैशात इथे साधी चांगली सेकंडहँड हॅचबॅक येते, म्हणून ओळखीतले बरेच जण विचारतात, "आपणही घेऊ का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

चालवायला गाडी अप्रतिम आहे. इंजिन सीटच्या मागे, मधोमध असल्यामुळे वळणावर ती इतकी समतोल राहते की साध्या राउंडअबाउटवरही मजा येते. पुढे आणि मागे अशा दोन डिक्या आहेत, आठवड्याचा किराणा आरामात मावतो. याबाबत माझी तक्रार शून्य.

पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. गाडीची किंमत उतरली तरी पार्ट्सची उतरत नाही. तेरा हजाराची गाडी असली तरी बिलं चाळीस हजाराच्या गाडीची येतात.

आता एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची तपासणी. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी सक्तीची. फी जास्तीत जास्त 54.85 पौंड. आपल्याकडच्या पीयूसीसारखा नुसता धूर बघत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, दिवे, गंज, एअरबॅगचा दिवा, सगळं बघतात. मे 2018 पासून दोषांचे तीन दर्जे आहेत: डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोहोंत गाडी नापास. शिवाय 'ॲडव्हायजरी', म्हणजे आज चालेल, पण लक्ष ठेवा. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था मात्र या तपासणीत येतच नाही. म्हणून जाहिरातीत "बारा महिन्यांची एमओटी" दिसली की भुलू नका.

खरी कामाची गोष्ट म्हणजे जुन्या एमओटींचा इतिहास. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की फुकट दिसतो. माझ्या गाडीच्या इतिहासात मागचे ब्रेक पाइप गंजल्याची ॲडव्हायजरी लागोपाठ येत होती. आधीच्या मालकाने काम पुढे ढकललं होतं, हे उघड होतं. तेवढी रक्कम सौद्यातून कमी करून घेतली आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम तेच केलं. सुमारे 650 पौंड लागले. पाइप स्वस्तच आहे, पैसे जातात मजुरीत. गिअरबॉक्सच्या वरून जाणाऱ्या भागाशी हात पोचत नाही, म्हणून बरंच काही सोडवून खाली घ्यावं लागतं. स्टीलऐवजी कॉपर-निकेलचे पाइप टाकून घेतले, ते गंजत नाहीत.

टायरचं तर विशेष सांगायला हवं. मागच्या चाकांना आतल्या बाजूला कल असतो, त्यामुळे टायर आतल्या कडेने आधी झिजतो. गाडी लिफ्टवर असताना मेकॅनिकने मला खाली बोलावलं. बाहेरून नक्षी छान चार मिलिमीटर होती. आतल्या कडेवर बोट फिरवलं तर रबर गुळगुळीत, आणि एका जागी टायरच्या आतल्या तारा नुकत्याच डोकावू लागलेल्या. नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर, पण तारा दिसल्या की थेट डेंजरस. त्या अवस्थेत एमओटीला गेलो असतो तर गाडी तिथेच अडकली असती. मागचे दोन टायर 380 पौंड, चारही चाकांचं अलाइनमेंट 170. कडेवर 'एन' शिक्का असलेले, म्हणजे पोर्शेने मान्य केलेले टायरच घ्या आणि चारही एकाच जातीचे ठेवा.

पुढच्या स्प्रिंगचा खालचा वेटोळा मिठाने गंजून तुटणं हेही इथे नेहमीचं. दोष गाडीचा नाही, वयाचा आणि हवेचा. जोडी बदलायला साधारण 450. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश (रबरी सांधे) आणि बॉल जॉइंट ढिले झाले की खड्ड्यावर ठक् आवाज येतो. जोडीचे 500 ते 600 धरा. चारही डिस्क आणि पॅड बदलायचे तर हजाराच्या आसपास. हँडब्रेकचे शू (चाक दाबून धरणारे तुकडे) मागच्या डिस्कच्या आत वेगळे असतात. हँडब्रेक वापरलाच नाही तर ते गंजून निकामी होतात आणि तपासणीत पकड कमी भरते. रोज ओढा, फुकटचा उपाय आहे.

एमओटीत न दिसणारा मोठा खर्च म्हणजे पुढचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर. बंपरच्या दोन्ही तोंडांतून सुकी पानं आत जातात, ओली होऊन कुजतात. माझा बंपर काढला तेव्हा मधून काळ्या पानांचा ओला थर निघाला आणि कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लागताच भुगा होऊन पडल्या. दोन्ही कंडेन्सर, गॅस आणि मजुरी मिळून 900. आता दर हिवाळ्याआधी बंपर काढून सफाई करून घेतो.

इंजिनबद्दल सगळे घाबरवतात. 2008 पर्यंतच्या गाड्यांत इंटरमीजिएट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या एका फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगचा धोका असतो. शिवाय त्या काळातल्या 3.4 लिटरच्या इंजिनांत सिलिंडरला आतून ओरखडे पडतात. तसं झालं तर दुरुस्ती दहा हजारांच्या वर. 2009 पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही, आणि मी 2010 ची शोधली ती त्यासाठीच. त्याआधीची घेणार असाल तर सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खरेदीपूर्व तपासणीचे 300 पौंड जड वाटले तरी द्याच.

गॅरेज निवडताना शोरूमऐवजी फक्त पोर्शेच बघणारा स्वतंत्र स्पेशालिस्ट गाठा. माझ्याकडे तो तासाला शंभराच्या आसपास घेतो, वर 20 टक्के व्हॅट. शोरूमचा दर जवळपास दुप्पट. जुने पार्ट परत मागा, चांगला माणूस स्वतःहून दाखवतो.

वर्षाला 2,000 पौंड दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असतील तर बिनधास्त घ्या. पेट्रोल, इन्शुरन्स आणि रोड टॅक्स त्यात धरलेले नाहीत. जमत नसेल तर थांबा, कारण या गाडीवर काम टाळलं की पुढच्या वर्षी तेच काम दुप्पट होऊन येतं. माझ्या यादीत आता पुढच्या डिस्क राहिल्यात, त्या एमओटीच्या आधीच करून घेणार आहे.