विहिरीचं पाणी तपासायचंय: गावातलं किट की प्रयोगशाळा?

पाणी समितीपुढचा हा नेहमीचा पेच.

जंतूंसाठी किटमधली एचटूएस बाटली (जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने काळी पडणारी चाचणी) स्वस्त आणि सोपी. खुणेपर्यंत पाणी भरा, ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवा. काळं पडलं तर विष्ठेच्या दूषिततेचा संशय घ्या. थंडीत रंग उशिरा येतो. बोअरमधले गंधकाचे जीवाणूही पाणी काळं करतात. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नुकतंच टाकलं असेल तर बाटली फसवी स्वच्छ दिसते. वापरलेली बाटली ब्लीचिंगने निर्जंतुक करूनच टाका.

प्रयोगशाळा १०० मिलीमागे ई. कोलाय या विष्ठेतल्या जीवाणूचा आकडा देते, पण नमुना नीट गेला तरच. थायोसल्फेट (क्लोरीनचा परिणाम थांबवणारं रसायन) घातलेली निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी, २४ तासांत पोच. नमुने इथेच वाया जाऊ शकतात.

फ्लोराइड, नायट्रेटला किटचा रंग अंदाजापुरताच. फ्लोराइडची मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रतिलिटर, पर्यायी स्रोत नसल्यास १.५, हा फरक डोळ्यांनी ठरवणं धोक्याचं. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांत तर नकोच.

जलसुरक्षकाच्या (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याच्या) पावसाळ्यातल्या नियमित तपासणीला, पाइप फुटल्यावर किट. नवीन बोअर, वार्षिक रासायनिक तपासणी, गॅस्ट्रोची साथ किंवा किटने पाणी दूषित दाखवल्यास प्रयोगशाळा. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या, मात्र फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत.