केळीला फांदी असते का?
अमळनेरला 2024 साली साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून मला नव्या कादंबऱ्यांचा नाद लागलाय. या महिन्यात दोन आणल्या.

रहस्यकथेतला खून रावेरकडच्या केळीबागेत होतो. दीडशे पानं पुस्तक खाली ठेववत नाही, आणि मग प्रेत सापडतं केळीच्या फांदीला लटकलेलं! अहो, केळीला फांदी असते का? खोड म्हणजे नुसती पानांच्या बुडांची गुंडाळी, माणसाच्या वजनानं आडवीच व्हायची. सासऱ्यांना वाचून दाखवलं, तर हसता हसता बशीतला चहा सांडला. खुनी मात्र मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही, हे कबूल.

प्रेमकथा गोड, जरा जास्तच. पण भरीत पार्टीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना दोघं भांडतात, ते पान मी दोनदा वाचलं.