नेटफ्लो की एसफ्लो?

हिंजवडीतल्या ऑफिसात दुपारी लिंक भरली की पहिला प्रश्न एकच: बँडविड्थ खातंय कोण? उत्तर कसं मिळेल, ते राउटर-स्विचवरून ट्रॅफिकची माहिती देणाऱ्या नेटफ्लो आणि एसफ्लो या दोन पद्धतींपैकी तुम्ही काय लावलंय त्यावर ठरतं.

सिस्कोचं नेटफ्लो १९९६ पासूनचं. राउटर प्रत्येक फ्लोची (त्याच दोन आयपी-पोर्टमधल्या पॅकेटच्या ओघाची) नोंद कॅशमध्ये ठेवतो: दोन्हीकडचे आयपी, पोर्ट, प्रोटोकॉल, पॅकेट, बाइट. फ्लो संपला किंवा टाइमआउट झाला की नोंद कलेक्टरकडे, म्हणजे या नोंदी गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाते. हा टाइमआउट नीट बघा. सिस्को आयओएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह टाइमआउट, म्हणजे चालू फ्लोचीही नोंद पाठवून देण्याची मुदत, मुळात ३० मिनिटांचा असतो. तासभर चालणारा बॅकअप मग ग्राफवर अर्ध्या तासाने एकदम सुळक्यासारखा उभा राहतो आणि आपण भलत्याच वेळेचे लॉग चाळत बसतो. तो १ मिनिटावर आणा, निम्मी डोकेदुखी जाते.

एसफ्लो फ्लोची कॅश ठेवतच नाही. हजारातलं एखादं पॅकेट उचलायचं, त्याचं हेडर लगेच पाठवायचं. सोबत इंटरफेसचे काउंटर. स्विचवर ताण कमी, आकडे ताजे. पण दोन-चार पॅकेटचं पोर्ट स्कॅन त्यातून सहज निसटतं.

माझं मत स्पष्ट आहे: इंटरनेटच्या तोंडाशी, जिथे कोण कुणाशी बोललं याचा पुरावा लागतो, तिथे सॅम्पलिंगशिवायचं, म्हणजे प्रत्येक पॅकेट मोजणारं नेटफ्लो. मजल्यांवरच्या स्विचना एसफ्लो पुरे. नवीन राउटर घेताना आयपीफिक्सचं (नेटफ्लोवरून बनलेलं खुलं मानक) विचाराच. कलेक्टर म्हणून एनएफडंप घ्या. त्यात दोन्हींची सोय आहे, तीही फुकट.